होय असेल तर एक

भोर
८ जानेवारी २००८

सगुणा,

कुंडलिकदाजी परवा आमच्या बेकरीवर आले होते. आमच्या ह्यांनी चहा सांगितला तर नको म्हणाले, खारी पुढे केली तर थोडा वेळ हातात धरून पुन्हा बशीत ठेवली. तुझा नवरा खारीला नाही म्हणतो म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय, एवढं मला तेव्हाच कळलं. मग बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. शिवानीच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा पुण्यात मशीनवर रक्त धुवावं लागतं, म्हणून पोर धनकवडीला चुलत्याकडे राहते. किडनी द्यायला दाजींचं रक्त जुळत नाही. तुझं जुळतं, पण डॉक्टर म्हणतात, या बाईचं वजन बारा-पंधरा किलो उतरून ब्लडप्रेशर खाली येत नाही तोवर तिला टेबलावर घेणार नाही.

हे सगळं दिवाळीपासून चाललंय आणि मला आता कळतं. शाळेत तुझ्या पायात काटा मोडला तर तुझ्या आईच्या आधी मला कळायचं. हा राग भेटलीस की काढीन.

आता कामाचं ऐक. इथल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी एक मंडळ काढलंय. शुगरवाल्या, बीपीवाल्या, गुडघेवाल्या अशा आम्ही वीसेक बायका बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या वरच्या खोलीत सतरंजीवर बसतो. आधी काट्यावर उभं राहायचं, मग ज्याचं त्याने आठवड्यात काय खाल्लं ते सगळ्यांसमोर सांगायचं. भाजीवाली चंद्राबाई कबूल करताना नेहमी पदर तोंडावर घेते. मी बेकरीवाल्याची बायको, म्हणून माझी उलटतपासणी सगळ्यात लांब चालते. पण हसतखेळत होतं गं, आणि वजन उतरतं. माझं पाच किलो उतरलंय, पायऱ्या चढताना आता मध्ये थांबत नाही.

मधल्या दिवसांत बायका ढेपाळू नयेत म्हणून रोज संध्याकाळी मोबाईलवर मेसेज जातो. डॉक्टरीणबाई सांगतात आणि दवाखान्याच्या फोनवरून पाठवते मी. माझ्या लेकीने, सानियाने शिकवलं मला. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावं लागतं, पण जमतं. 'आज भाकरी अर्धी ठेवली का? होय असेल तर एक, नाही तर दोन.' बाईने तो आकडा दाबून पाठवायचा, बस्स. कुणाचं किती उतरलं तेही सगळ्यांना कळवतो.

तुझं नाव मी घातलंय, विचारलेलं नाही. महिन्यातून एकदा भोरला ये, बाकीचे दिवस मेसेजवर. दाजींनी नंबर दिलाय.

तुझी
जाहिदा


पाली
१७ जानेवारी २००८

जाहिदा,

तुझं पत्र आलं. कळवलं नाही कारण काय कळवू ते कळत नव्हतं. दोनदा लिहायला बसले आणि शिवानी हे नाव लिहिल्यावर पुढे हात चालेना.

डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि माझ्याकडे न बघता ह्यांच्याशी बोलले. शिवानी शेजारी बसली होती. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, आई, तुझं पिठलं आता तूच खाऊ नकोस. तिला वाटलं मी हसेन.

तुला माझं घर माहीत आहे. गडावर जाणारी पुण्याची पोरं शनिवार-रविवारी पंधरा-वीस येतात, त्यांना पिठलं, भाकरी, ठेचा करून घालते. ती सांगताना चार भाकरी सांगतात आणि खातात दोन. उरलेलं मला टाकवत नाही. शेळीला किती घालणार. आजवर हे अंगाला लागत गेलं आणि कुणी काही म्हणालं नाही. उलट पाटलांच्या घरची सून कशी भरल्या अंगाची आहे, असं कौतुकच झालं.

मेसेजचं एक सांगायचं आहे. हा फोन ह्यांनी दवाखान्यासाठी घेतला, पण पालीत रेंज नाही. गडाच्या माचीवर आहे म्हणतात, तिथे रोज कोण जाणार. गावातले सगळे फोन सकाळी हनुमंताच्या दुधाच्या टेम्पोत जातात. तो विंझरच्या डेअरीवर पोचला की पिशवीतले फोन वाजायला लागतात. तो वाचतो, आणि परत आल्यावर कॅन द्यायला दारात उभा राहिला की ज्याचं त्याला सांगतो. दहावी झालेला आहे, इंग्रजी अक्षरं लावता येतात. तुझे तीन मेसेज त्याने असेच सांगितले. तुझा पहिला मेसेज त्याने एवढ्या मोठ्याने वाचला की चार घरांना कळलं, सगुणावैनी अर्धी भाकरी खाणार.

वजन करायला इथे काटा नाही. विंझरच्या भाताच्या गिरणीत पोती जोखायचा आहे, त्यावर उभी राहिले. गिरणीवाल्याने आधी पोतं उतरवून घेतलं आणि मग म्हणाला, चढा. लाज वाटायची ती वाटून गेली. शिवानीसाठी मी त्या काट्यावर रोज चढेन.

सगुणा


भोर
२० फेब्रुवारी २००८

सगुणा,

काल तू बैठकीला आलीस, काट्यावर चढलीस, आणि डॉक्टरीणबाईंनी दोनदा बघितलं. मीही बघितलं. वजन जिथे होतं तिथेच आहे. किंबहुना पाव किलो वरच.

मी तिथे बोलले नाही, वीस बायका होत्या. इथे बोलते. तुझ्याकडून रोज एक येतो. भाकरी अर्धी ठेवली का, एक. चाललात का, एक. गोड टाळलं का, एक. तेल मोजून घातलं का, एक. आमच्या मंडळात एवढी शहाणी बाई दुसरी नाही. चंद्राबाईचे निम्मे दोन असतात आणि तिचं वजन उतरतंय. रोज सकाळी तुझा एक आला की मी ह्यांना सांगायची, बघा, माझी सगुणा कशी जिद्दीची आहे.

खोटं कशाला पाठवतेस? मला फसवून काय मिळणार? तो काटा शिवानीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातही आहे, आणि त्याला तू एक पाठवलास की दोन याच्याशी देणंघेणं नाही. भाकरी सोडवत नसेल तर तसं सांग, आपण दुसरा मार्ग काढू. पण पोरीचा जीव पणाला लागलेला असताना आई असं करते हे मला पचलेलं नाही.



जाहिदा


पाली
२७ फेब्रुवारी २००८

जाहिदा,

तुझं पत्र मी गोठ्यात उभी राहून वाचलं. पहिल्यांदा कळलंच नाही की तू कुणाबद्दल लिहितेस.

मी आजपर्यंत एकही आकडा पाठवलेला नाही. उत्तर द्यायचं असतं हे तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, पण पुढे मला हनुमंत फक्त सांगायचा की भोरवाल्या बाई म्हणतात अर्धी भाकरी खा, म्हणतात चाला. मला वाटलं, रेंज नाही म्हणून आपल्याला उत्तराची सूट आहे. तुझं पत्र घेऊन मी त्याच्या टेम्पोपाशी गेले. तो कॅन लावत होता. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "वैनी, म्याच दाबायचो. विंझरात मेसेज यायचा, तुमी हितं. आन् दोन दाबलं, डागतरनी तुमचं नाव काढलं तर शिवानीचं कसं? एक दाबायला माझं काय जातंय."

त्याला मी काय बोलू? माझ्या पोरीला त्याने खांद्यावर बसवून गडाचा पद्मावती तलाव दाखवलाय. शिव्या देता आल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता खरं ऐक. भाकरी मी अर्धीच खाते, ते खोटं नाही. सकाळी खाली ओढ्यापर्यंत जाऊन येते, तेही खोटं नाही. उरलेलं मात्र शनिवार-रविवारी पोटात जातं, एकदम नाही तर तुकडा तुकडा. तरीही वजन उतरायला हवं होतं. ते का उतरत नाही हे मला कळत नाही. गिरणीच्या काट्यावर तेच, तुझ्या काट्यावर तेच. या अंगाला मी रोज हात जोडते.

पोरीचा जीव पणाला लागलेला असताना आई असं करते, हे तू लिहिलंस. ते वाक्य मी खोडून पत्र जपून ठेवलंय.

सगुणा


भोर
४ मार्च २००८

सगुणे,

माझी जीभ झडो. तू ते वाक्य खोडलंस, मी इथून पुन्हा एकदा खोडते.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, मी एवढे दिवस त्या टेम्पोवाल्याचं वजन उतरवत होते. मग आम्ही असं ठरवलं. रोज प्रश्न एकच ठेवायचा: अर्धी भाकरी आणि उरलेलं नाही. तू त्याचं उत्तर सकाळी फोन पिशवीत टाकतानाच हनुमंताला सांगायचं, आदल्या दिवसाचं. तो विंझरला गेला की तेच दाबेल. दोन असेल तर दोनच. त्याला सांग, भोरची बाई म्हणाली, दोन आला तर नाव काढत नाहीत, उलट जास्त लक्ष देतात.

आणि उरलेलं टाकवत नसेल तर भाकरी आधीच कमी थाप. पोरांनी मागितली तर गरम टाकून दे. पुण्याच्या पोरांना थांबायला शिकव थोडं.

वजन का उतरत नाही, हा प्रश्न मात्र डॉक्टरीणबाईंनाही पडलाय. म्हणाल्या, घरात स्वयंपाक कोण करतं ते विचार.

जाहिदा


पाली
२ एप्रिल २००८

जाहिदा,

तुझ्या डॉक्टरीणबाईंच्या पायावर डोकं ठेवायला हवं.

पोरांचा स्वयंपाक मी करते, घरचा सासूबाई करतात. ठकुबाई म्हणजे माझ्या सासूबाई आता पंच्याहत्तरीच्या आहेत, पण चूल सोडत नाहीत. तुझं पत्र आल्यावर मी भांड्यांकडे बघायला लागले. सगळ्यांच्या वाट्या राखेने एकदा घासल्या की निघतात, माझीच वाटी दोनदा घासावी लागायची. हे कितीतरी दिवस होत होतं आणि मी मनात म्हणायची, माझा हात दुखतो म्हणून नीट घासलं जात नाही.

मग एका रात्री चुलीपाशी थांबले. माझी आमटी वाढून झाल्यावर त्यांनी फडताळातून लोणकढ्या तुपाची बरणी काढली आणि माझ्या वाटीत पळीभर घातलं, वरून ढवळलं. माझ्या अर्ध्या भाकरीचं पीठही त्या वेगळं मळायच्या, तुपात. मी हात धरला. त्या जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळंतिणीला का उपाशी ठेवत्यात गं? हिच्या अंगातनं जीव काडून पोरीला द्यायचाय, आन् ही अर्दी भाकरी खाती. उद्या टेबलावरच ऱ्हायलीस मंजी? म्हून घातलं म्या तूप. व्हय, घातलं."

मी समजावलं. डॉक्टर वजन कमी करायला सांगतात, त्याशिवाय घेणारच नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की, डॉक्टरला किती लेकरं झालीत. नंतर रात्रभर फडताळापाशी बसून रडत होत्या. नातीला वाचवायचं म्हणून तूप घातलं, आणि मी म्हणते त्याच तुपाने दिवस वाया गेले. म्हातारीने कुठे जावं हे ऐकून?

आता माझं जेवण मीच करते. हनुमंताने काल पहिल्यांदा दोन दाबला. परत येऊन म्हणाला, वैनी, छातीत धडधडलं.

शिवानीला भेटून आले. हाताची शीर फुगून दोरीसारखी झालीय. म्हणाली, आई, अजून किती? मी म्हटलं, थोडं. तिला वाटलं मी दिवस सांगतेय.

सगुणा


भोर
१८ जून २००८

सगुणे,

कालची बैठक मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू काट्यावर चढलीस आणि डॉक्टरीणबाईंनी आकडा मोठ्याने वाचला तेव्हा चंद्राबाईने आधी टाळी वाजवली आणि मग सगळी सतरंजी उठून उभी राहिली. तेरा किलो गं. ब्लाऊज खांद्यावरून घसरत होता तुझा. संध्याकाळी सगळ्यांना मेसेज गेला, 'पालीच्या सगुणाबाई जिंकल्या,' आणि तेवढ्यात अठरा जणींचे परत मेसेज. आकडा सोडून बायकांनी इंग्रजी अक्षरांत लिहायला सुरुवात केली, काही लागलं नाही मला, पण आनंद लागला.

आता पुण्याच्या डॉक्टरांनी तपासणीची तारीख दिली असेल. मी ह्यांना सांगून ठेवलंय, ऑपरेशनच्या दिवशी बेकरी बंद, आम्ही दोघं दवाखान्यात.

तू मात्र हसली नाहीस. लाजलीस असं मी सगळ्यांना सांगितलं. शिवानी कशी आहे विचारलं तर 'बरी आहे' म्हणालीस आणि एसटी गाठायची म्हणून निघालीस. चहासुद्धा घेतला नाहीस, तोही बिनसाखरेचा होता. तिला मीठ चालत नाही म्हणून बिनमिठाचे टोस्ट मुद्दाम वेगळ्या ट्रेमध्ये भाजून दिलेत. तिला सांग, जाहिदामावशीने आयुष्यात पहिल्यांदा बेचव काही बनवलं ते तिच्यासाठी.

तुझी
जाहिदा


धनकवडी, पुणे
९ जुलै २००८

जाहिदा,

बैठकीच्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. शिवानी तेव्हाच आजारी होती. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी मनात म्हणत होते, आता तरी उशीर नको. ते बोलले असते तर टाळ्या थांबल्या असत्या, आणि मला त्या थांबायला नको होत्या.

ताप उतरत नाही. मशीनची नळी जिथे घालतात तिथे पू झालाय, तो रक्तात गेला म्हणतात. मी तपासणीला गेले. माझं वजन बसलं, ब्लडप्रेशर बसलं, सगळं बसलं. डॉक्टर या वेळी माझ्याकडे बघून बोलले. म्हणाले, "आई तयार आहे. मुलगी तयार नाही. ताप जाऊन तिचं वजन वाढलं पाहिजे, मग बघू."

ऐकलंस? आता तिचं वजन. मी उतरवत होते तेव्हा तीही उतरत होती. दोघी एकाच वेळी कमी झालो, जाहिदा. माझ्या अंगावरचं काढून तिच्या अंगावर लावता आलं असतं तर मी दिवाळीतच लावलं असतं.

तुझा टोस्ट तिने अर्धा खाल्ला. म्हणाली, मावशीला सांग, खरंच बेचव आहे.

इथे फोनला भरपूर रेंज आहे. तुझा मेसेज रोज संध्याकाळी वेळेवर येतो, मी स्वतः बटण दाबते. भाकरी अर्धी ठेवली का, उरलेलं खाल्लं नाही ना. एक दाबते. इथे भाकरीची आठवण कुणाला आहे, पण मंडळाला वाईट वाटू नये.

सगुणा


भोर
१९ ऑगस्ट २००८

सगुणे,

शिवानीचे दिवसवार होऊन गेल्यावर लिहावं असं ह्यांनी सांगितलं म्हणून थांबले. काय लिहायचं ते थांबूनही सुचलेलं नाही.

त्या दिवशी पालीत तुझ्या ओसरीवर बसले होते तेव्हा तुझ्या जावेने कडू घासाचं ताट आणलं. दाजींनी घास घेतला, तुझ्या सासूबाईंनी घेतला, त्यांना तर दोघींनी धरून भरवावा लागला. तू तोंड उघडलं नाहीस. बायका म्हणाल्या, हिच्या मैत्रिणीला देऊ दे. मी भात कालवला, तुझ्या ओठांपाशी नेला, आणि तू माझ्याकडे असं बघितलंस की मी हात मागे घेतला. घेऊ नये तो घेतला. बळजबरी करायला हवी होती, असं मला तेव्हापासून वाटतंय.

एक कबूल करायचं आहे. शिवानी गेली त्या संध्याकाळी मी इकडे धावपळीत होते, आणि मंडळाचा रोजचा मेसेज सानियाने सगळ्यांना पाठवला. तुझं नाव काढायचं तिला सुचलं नाही. 'आज रात्री हात आखडता घ्या. अर्धी भाकरी पुरे.' तो तुझ्या फोनवर आला असेल. तू वाचला असशील तर मला माफ कर, पोरीला माफ कर.

तुझं नाव आता यादीत नाही. पण मी तुला एकटीला रोज एक मेसेज पाठवते. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांनी दवाखान्याचा फोन वापरायला हो म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. एकच प्रश्न. 'जेवलीस का? होय असेल तर एक, नाही तर दोन.' हनुमंताच्या पिशवीतून पाठव. तुझ्याकडून रोज दोन येतोय. आठ महिने मी तुला कमी खा म्हणून छळलं. आता खा म्हणून छळते, आणि बोटाशिवाय माझ्याजवळ काही नाही.

जाहिदा


भोर
१२ सप्टेंबर २००८

सगुणे,

गेल्या आठ-दहा दिवसांपासून तुझा रोज एक येतोय. पहिला एक दिसला तेव्हा मी पहाटे सहरीचं खायला उठले होते, दवाखान्याचा फोन घरी आणून उशाशी ठेवला होता, आदल्या दिवशी आलेला तो उशिरा बघितला. नमाज पढून अल्लाहचे आभार मानले आणि ह्यांना उठवून सांगितलं, सगुणा जेवली.

मंडळात सांगितलं तर चंद्राबाईने पदर तोंडावर घेतला. या वेळी हसायला नव्हे.

रोज्यात दिवसभर पोट रिकामं असतं तेव्हा तुझी आठवण येते. मला माहीत असतं की सूर्य मावळला की खजूर आहे, पाणी आहे, बेकरीतले गरम पाव आहेत. तुझा सूर्य कधी मावळतो ते मला माहीत नाही.

परवा दाजी बेकरीवर आले होते. मी आनंदाने म्हटलं, सगुणा जेवायला लागली ना. त्यांनी या वेळी खारी घेतली आणि पिशवीत ठेवली, म्हणाले घरी नेतो. ती कुणी खाल्ली?

खरं सांग. तो एक कोण दाबतंय?

जाहिदा


पाली
२० सप्टेंबर २००८

जाहिदा,

ती खारी सासूबाईंनी दुधात बुडवून खाल्ली. मी खाल्ली नाही.

त्या संध्याकाळी पोरीला घेऊन आम्ही पालीत होतो, म्हणून तो मेसेज सकाळी पिशवीतच वाजला; मला हनुमंताने सांगितलाच नव्हता. विंझरात वाचून त्याने तो पुसला. मला तुझ्या पत्रातून कळलं. तुला मोकळं व्हायचं होतं, तू लिहिलंस, मी रागावले नाही. पण आता रात्री भाकरी समोर आली की ते शब्द आठवतात. अर्धी पुरे.

एक मीच दाबायला सांगत होते. तुझी पत्रं वाचून वाटलं, आपण दोन पाठवतो आणि तिकडे एक बाई झुरते, तीही रोज्याच्या दिवसांत. मग रोज सकाळी फोन पिशवीत टाकताना हनुमंताला म्हणायची, एक. तो दाबायचा. तुला झोप लागत होती ना? मग ठीक होतं.

मी हट्टाने उपाशी नाही, जाहिदा. एवढे महिने प्रत्येक घासाला नाही म्हणायला शिकले. तुझ्या मंडळाने, डॉक्टरांनी, गिरणीच्या काट्याने शिकवलं. ते 'नाही' आता घशातच बसलंय. घास आत गेला की वाटतं, आपण पोरीचं काहीतरी खाल्लं. जी किडनी द्यायला हे सगळं केलं तीही माझ्याजवळच राहिली. दोन्ही चांगल्या आहेत म्हणाले डॉक्टर. त्यांना खायला घालू तरी कशासाठी?

सासूबाई रोज माझ्या वाटीत तूप घालतात. आता लपवत नाहीत, माझ्यासमोर घालतात. मी वाटी बाजूला सारते. त्या ती आमटी शेळीलाही घालत नाहीत, झाकून ठेवतात.

तुझं पत्र काल सकाळी आलं. मी वाचलं, पदरात ठेवलं आणि हनुमंताला फोन देताना सवयीने म्हटलं, एक. त्याने फोन पिशवीत टाकला नाही. टेम्पो चालू होता, मागे कॅन भरलेले, बायका आपापलं दूध घालून उभ्या होत्या. तो खाली उतरला, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "वैनी, तवा तुमाला न इचारता दाबला. आता तुमी सांगताय तरी न्हाई दाबनार. आदी चार घास खा, मग दाबतो."

मी म्हटलं, दूध नासेल. तो म्हणाला, नासू दे. बायकांपैकी कुणी काही म्हटलं नाही, ज्यांचं दूध होतं त्यांनीही नाही. ऊन अंगणात आलं. डेअरीची वेळ टळून चालली होती. मग सासूबाई आतून झाकलेली वाटी आणि भाकरी घेऊन आल्या आणि टेम्पोच्या फळीवर ठेवून माझ्याकडे न बघता उभ्या राहिल्या.

एवढ्या लोकांचं दूध नासवायला माझं मन झालं नाही. तिथेच उभ्याने खाल्लं. पाव भाकरी असेल. तूप थिजलं होतं. हनुमंताने शेवटचा घास जाईपर्यंत बघितलं, मग फोन घेतला आणि गेला.

कालचा एक खरा होता. आधीचे सगळे खोटे होते. उद्याचं मला माहीत नाही.

सगुणा